सासूबाई आणि नाताळचे सिनेमे

सासूबाई कुवेतला राहायला आल्या तेव्हा नव्वद साल नुकतंच लागलं होतं. सामानात मेतकूट, गोडा मसाला, पाडव्यासाठी आतापासूनच साखरेच्या गाठी, आणि वेळ जावा म्हणून लोकर. लोकर महिन्याभरात संपली. मी सकाळी इस्पितळाच्या लॅबमध्ये, नवरा मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत, आणि त्या अबू हलीफाच्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या. टीव्हीवर अरबी. गॅलरीतून समुद्र दिसायचा, पण त्याचं कौतुक चार दिवसच टिकलं. "किती बघायचं त्याच्याकडं? कऱ्हाडच्या घाटावर निदान माणसं तरी असतात," त्या म्हणाल्या.

समोरच्या दारात एक गोव्याची बाई राहायची. फहाहीलला एका ऑफिसात टायपिस्ट, एकटी, पन्नाशीकडे झुकलेली, बोलायला मोकळी. सासूबाई मराठीत बोलायच्या, ती कोकणीत. दोघींना एकमेकींचं निम्मं कळायचं आणि उरलेलं निम्मं त्या आपापल्या मनानं भरून काढायच्या. तेवढ्यावर दोघींची चांगली गट्टी जमली.

तिची बहीण अमेरिकेत होती. तिकडे डिसेंबर आला की टीव्हीवर नाताळचे सिनेमे लागतात. थिएटरात न जाणारे, टीव्हीसाठीच काढलेले, प्रेमाचे आणि हसवायचे. बहीण ते जाहिरातींसकट टेप करून पाठवायची आणि पार्सल कुवेतला पोचेपर्यंत फेब्रुवारी उजाडायचा. अमेरिकेची कॅसेट आमच्या व्हीसीआरवर लावली की माणसं खालून वर सरकत राहायची. शेजारणीचा व्हीसीआर मात्र सगळ्या देशांच्या कॅसेटी चालवणारा होता. त्यामुळे शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, जेवणं आटोपली की आम्ही तिघी तिच्या हॉलमध्ये जमायला लागलो.

पहिला सिनेमा मी सासूबाईंना वाक्यावाक्याला समजावून सांगितला. एक मुलगी मोठ्या शहरात मोठ्या ऑफिसात काम करते, तिला नाताळ आवडत नाही. काहीतरी निघतं आणि तिला एका लहानशा गावी जावं लागतं. तिथे गुडघाभर बर्फ आणि चौकड्याचा शर्ट घातलेला, लाकूड तासणारा एक माणूस. आधी भांडण, मग एकत्र झाड सजवणं, मग एक गैरसमज, आणि शेवटी भर बर्फात दोघांचं मनोमीलन. दुसऱ्या सिनेमाला सासूबाई म्हणाल्या, "आता तू नको सांगूस. मला कळतंय." आणि खरोखरच कळत होतं. मुलगी गाडीतून उतरली, बर्फात पाय घसरला, की त्या पुढे सरसावून बसायच्या. "आता बघ, तो येणार." तो यायचाच. "आता ही त्याला टाकून बोलणार." ती बोलायचीच. मुलीला फोन आला की शेजारीण आणि सासूबाई एकदम म्हणायच्या, "झाला घोटाळा!"

शेवटच्या चुंबनाला त्या सुरुवातीला पदर सारखा करत खिडकीबाहेर बघायच्या. मार्चपर्यंत त्यांनी खिडकीकडे बघणं सोडलं. एप्रिलमध्ये तर त्या म्हणाल्या, "एवढा वेळ लावला मेल्यानं!"

त्यांना त्यात काय आवडत होतं, हे मी एकदा विचारलं. बर्फ, नटलेली घरं, असं काहीतरी उत्तर येईल अशी माझी समजूत होती. त्या म्हणाल्या, "अगं, सगळं गाव त्या पोरीच्या लग्नाच्या मागं लागलेलं असतं. पोस्टातला, बेकरीवाली, म्हातारा मास्तर. कुणाला दुसरं कामच नाही. किती बरं वाटतं बघायला!"

आमच्याकडे शुक्रवारी जेवायला दोन माणसं ठरलेली असायची. एक माझ्या इस्पितळातली नर्स. लातूरकडची, तिशी ओलांडलेली, पाठच्या भावंडांची शिक्षणं करता करता लग्न राहून गेलेली. सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. दुसरे नवऱ्याचे रिफायनरीतले मित्र, ड्राफ्ट्समन, देवरुखचे. मी त्यांना भावजी म्हणायची. वय तिच्याच आसपास, स्वभाव असा की आमटी पुन्हा हवी असेल तर वाटीकडे बघायचे, मागायचे नाहीत. सिस्टरचा आवाज चार वॉर्डांत ऐकू जायचा. दोघं आमच्याच टेबलाला जेवायची, पण एकमेकांशी बोलायचं कारणच त्यांना कधी पडलं नव्हतं.

सासूबाईंनी ते कारण पुरवायचं ठरवलं. सिस्टर आणि भावजी यांचं जमवायचं, असं त्यांनी मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, तेव्हा मला आधी नात्याचाच घोळ झाल्यासारखं वाटलं.

"आई, तुम्ही सरळ विचारा ना दोघांना," मी म्हटलं.

"सरळ विचारून कुठं जमतं? ती नाही म्हणेल, तो काहीच म्हणणार नाही. आधी त्यांना एकत्र कामाला लावायला पाहिजे."

पाडव्याला त्यांनी कामाला लावलं. आमच्याकडे गुढी रस्त्यावरून दिसू नये म्हणून गॅलरीच्या आतल्या बाजूला, पडद्याच्या दांड्यावर उभी राहायची. नाताळचं झाड नाही तर गुढी, सासूबाईंना त्यात फरक वाटत नव्हता. सिनेमातली मुलगी शिडीवरून घसरते आणि तो तिला झेलतो, हे त्यांनी इतक्यांदा पाहिलं होतं, की त्यांनी मुद्दाम आमचं डुगडुगणारं स्टूल काढून ठेवलं. सिस्टरला म्हणाल्या, "तू चढ गं, तुझा हात पोचतो." पण भावजी देवरुखच्या संस्कारातले. बाईमाणूस वर चढणार आणि आपण खाली उभं राहायचं, हे त्यांना पटलं नाही. तेच चढले. स्टूल डुगडुगलं, तांब्या गडगडला, भावजी घसरले आणि सिस्टर चपळाईनं बाजूला झाली. ते पालथे पडले.

"अगं, धरायचं की!" सासूबाई ओरडल्या.

"कशाला? मी धरलं असतं तर दोघंही पडलो असतो," सिस्टर म्हणाली. मग वाकून त्यांचं मनगट दाबून बघत म्हणाली, "बोटं हलवा. हलवा की! काय बघायलाव? मोडलेलं नाही. उठा."

भावजी उठले, गुढी बांधली, आणि श्रीखंड न मागता जेवून गेले.

दुसरा प्रयत्न मे महिन्यात झाला. त्या सिनेमांत दोघांची पहिली गाठ धडकूनच पडते, आणि एकाच्या हातातली गरम कॉफी दुसऱ्याच्या अंगावर सांडते. सासूबाईंनी सिस्टरच्या हातात आमटीचं पातेलं दिलं आणि त्याच क्षणी हॉलमध्ये हाक मारली, "अहो, जरा पाण्याचा तांब्या घ्यायला या हो!" भावजी आले. आमटी कटाची होती आणि शर्ट पांढरा.

सिस्टरनं पातेलं खाली ठेवलं आणि एकदम वॉर्डातल्या आवाजात म्हणाली, "शर्ट काढा."

भावजींनी दोन्ही हातांनी कॉलर घट्ट धरली. "नको. ठीक आहे."

"भाजलंय का नाही बघायचंय मला. काढा म्हटलं ना!"

"मी घरी जाऊन बघीन."

"घरी जाईपर्यंत फोड येतील. तुम्ही शर्ट काढता का मी काढू?"

भावजी बाथरूममध्ये शिरले, आतून कडी लावली आणि बराच वेळ नळ सोडून बसले. मग माझ्या नवऱ्याचा शर्ट घालून निघून गेले. जाताना नवऱ्याला जिन्यात म्हणाले, "ती बाई फार हुकूम सोडते." इकडे सिस्टर मला म्हणत होती, "हे काय माणूस आहे! भाजून घेईल पण बटण सोडणार नाही." त्यानंतर काही शुक्रवार भावजी आले नाहीत.

सासूबाईंनी हात टेकले. त्यांचं परतीचं तिकीट ऑगस्टच्या अखेरीचं होतं. "इथं बर्फच नाही, त्याला कोण काय करणार?" त्या शेजारणीला म्हणाल्या. बाहेर ऊन असं होतं, की गाडीच्या दाराला हात लावायला फडकं घ्यावं लागत होतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरलं. त्याबद्दल माझ्यापेक्षा जाणत्या माणसांनी लिहिलं आहे. मी आमच्या फ्लॅटपुरतं सांगते. रिफायनरीचं काम थांबलं, भावजींच्या बॅचलर क्वार्टर्समध्ये सैनिक येऊन राहिले, म्हणून नवरा जाऊन त्यांना घेऊन आला. सिस्टरच्या हॉस्टेलमध्ये एकटं राहणं धोक्याचं झालं, म्हणून मी तिला घेऊन आले. बायका बेडरूममध्ये, पुरुष हॉलमध्ये. दिवसा ब्रेडसाठी रांग, संध्याकाळी रेडिओ. सासूबाईंना आम्ही जे सांगायचो ते त्या शांतपणे ऐकायच्या. एकदाच म्हणाल्या, "माझ्यामुळं तुम्हाला जड होतंय का?" नवरा म्हणाला, "आई, तुझ्यामुळेच तर रोज स्वयंपाक होतोय." ते खरंच होतं. डाळ, तांदूळ आणि उरलेलं मेतकूट यांत त्या रोज काहीतरी निराळं करायच्या.

वीज अजून होती आणि शेजारणीच्या घरी व्हीसीआर होता. एका दुपारी सासूबाई म्हणाल्या, "ती नाताळची एखादी कॅसेट लावायची का?" आम्ही त्यांच्याकडे बघतच राहिलो. पण पडदे ओढले, आवाज बारीक केला, आणि सहा माणसं एका सोफ्यावर दाटीवाटीनं बसून पडणारा बर्फ बघायला लागलो. आता पुरुषही होते. त्या सिनेमात एक मुलगी घरच्यांना सांगून बसते की माझं लग्न ठरलंय, आणि मग नाताळपुरता नवरा म्हणून ओळखीच्याच एकाला घेऊन जाते. सिस्टर मध्येच म्हणाली, "असं कुठं असतंय का? दोन माणसं नवरा-बायकोचं नाटक करतात अन् एवढ्या घरात कुणाला कळत नाही?"

"कळतं सगळ्यांना," भावजी म्हणाले. "बोलत नाहीत कुणी."

त्यांचं एवढं लांब वाक्य आम्ही महिनाभरात ऐकलं नव्हतं. सिस्टरनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. सासूबाईंनी माझ्या गुडघ्याला चिमटा काढला.

शेजारीण तिच्या चुलतभावाच्या गाडीतून आमच्या आधी निघाली. सासूबाईंना मिठी मारून खूप रडली, कोकणीत खूप काही बोलली. सासूबाईंनी सगळं कळल्यासारखी मान हलवली. सप्टेंबरात आम्हालाही बसमध्ये जागा मिळाली. बसऱ्यावरून बगदाद, तिथून वाळवंटातून जॉर्डनच्या दिशेनं. एकेकाला एकच पिशवी, सासूबाईंच्या हातात शिवाय त्यांची काठी. सासूबाईंनी पिशवीत दोन लुगडी, औषधं आणि पोळपाट नसलेलं लाटणं घेतलं. "लाटणं कशाला?" असं नवऱ्यानं विचारल्यावर म्हणाल्या, "असू दे. पाच माणसांत एकाकडं तरी हत्यार हवं."

सरहद्दीवर दोन देशांच्या चौक्यांमधल्या मोकळ्या जमिनीवर तंबू होते. हजारो माणसं, टँकरच्या पाण्यासाठी रांगा, आणि डोळ्यांत, दातांत, केसांत बारीक धूळ. आमची बस थांबली तेव्हा एक हिंदी बोलणारा स्वयंसेवक तंबू वाटत होता. कुटुंबांना आधी तंबू मिळत होते आणि पुढच्या बसमध्येही कुटुंबांना आधी जागा. एकट्या पुरुषांचा तळ लांब, पार दुसऱ्या टोकाला. एकट्या बायकांचा तिसरीकडेच. सिस्टर माझ्याजवळ होती आणि तिचा हात माझ्या हातात गच्च होता. ती घाबरलेली मी तेव्हाच पाहिली.

"माताजी, कौन कौन है आपके साथ?" त्यानं विचारलं.

सासूबाईंना सिनेमा बघून इंग्रजी आलं नव्हतं, पण हिंदी येत होती. त्यांनी काठी टेकली आणि एकेकाकडे बोट दाखवलं. "ये मेरा लडका. ये सून. ये मेरी लडकी. और ये जमाई."

जावई म्हणजे भावजी. ते उभ्या उभ्या लाल झाले. सिस्टरनं तोंड उघडलं. सासूबाईंनी काठीचं टोक तिच्या पायावर ठेवलं. स्वयंसेवकानं एक तंबू दाखवला आणि तो पुढच्या घोळक्याकडे गेला.

"मावशी, हे काय केलंत तुम्ही?" तंबूत शिरताच सिस्टर म्हणाली.

"काय केलं? तुला एकटीला तिकडं पाठवू? आणि यांना त्या टोकाला? मग तुम्हाला शोधायचं कुणी? बस आली म्हणजे मी काय ओरडत फिरू?"

 भावजी तंबूच्या दाराशी, अर्धे बाहेर बसले होते. "मी तिकडे जातो," ते म्हणाले. "यांना अवघड वाटत असेल तर."

सिस्टरनं पिशवी सरकवून जागा केली. मग म्हणाली, "बसा आत. ऊन लागंल."

नाटक वठवणं मात्र सोपं नव्हतं, कारण शेजारच्या तंबूत एक पंजाबी बाई होती. भलं मोठं कुटुंब, भला मोठा आवाज आणि भलं मोठं मन. तिनं पहिल्याच दिवशी ताडलं की या जोडप्यात काहीतरी बिनसलं आहे. "ये दोनों आपस में बोलते क्यों नहीं?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, स्वभावच तसा आहे. तिला ते पटेना. ती सिस्टरला धरून बसवायची आणि समजावायची की परदेशात घर गेलं तरी संसार जाऊ देऊ नये. सिस्टर बिचारी "हां जी, हां जी" करायची आणि आत येऊन उशीसारखी घडी केलेली पिशवी आपटायची.

मग एका सकाळी भावजी टोपी न घालता पाण्याच्या रांगेत जायला निघाले. सिस्टर सवयीनं कडाडली, "डोक्याला काही बांधणार आहात का नाही? काल सांगितलं होतं ना? माणसाला किती वेळा सांगायचं! चक्कर येऊन पडलात तर उचलायला मीच यायचंय!" भावजींनी मुकाट्यानं टॉवेल गुंडाळला. पंजाबी बाईच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तेव्हापासून तिची शंका फिटली.

त्या तळावर आजारी माणसं पुष्कळ होती आणि डॉक्टर दिवसातून एखादाच यायचा. सिस्टर काही गप्प बसणारी नव्हती. तंबूच्या सावलीत ती पट्ट्या बदलायला बसली, जुलाब झालेल्या पोरांना मीठ-साखरेचं पाणी पाजायला लागली, आणि तिच्यासमोर रांग लागली. रांग लावणार कोण? भावजी उठले. एका चादरीची दोन टोकं तंबूला आणि दोन काठ्यांना बांधली, आणि लोकांना सावलीत उभं केलं. ज्याला जास्त बरं नाही त्याला पुढे आणून बसवायचं, हे ते न सांगता करायला लागले. ती हात पुढे करायची आणि तिला हवं ते फडकं तिच्या हातात पडायचं. "पाणी." "हे." "उकळलेलं." "उकळलंय." त्यांचं सगळं संभाषण एवढंच, पण दिवसभर चाललेलं. सासूबाई तंबूत पडून होत्या, त्यांचं पोट बिघडलं होतं. मी म्हटलं, "आई, बघताय ना?" त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "आता काही करू नका गं. नुसतं असू द्या त्यांना."

संध्याकाळच्या चहाला पंजाबी बाई आली. दोघांना समोर बसवून तिनं कौतुकानं विचारलं, "शादी को कितने साल हुए?"

"चार," भावजी म्हणाले.

"दो," त्याच क्षणी सिस्टर म्हणाली.

बाईचा कप हवेतच थांबला. माझ्या नवऱ्याला ठसका लागला.  भावजींनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "चार साल हुए, बहेनजी. इनको दो लगते हैं."

बाई मांडीवर थापा मारत हसली. पण मी सिस्टरकडे बघत होते. आधी ती थक्क झाली, मग ओठ दाबले, मग तिला ते दाबता येईना. डोक्यावरून पदर ओढून ती हसत राहिली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि धुळीनं चेहऱ्यावर दोन रेघा उठल्या. भावजी कपात बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

पुढे अम्मान, तिथून विमान, आणि मुंबई. सिस्टरचा भाऊ विमानतळावर न्यायला आला होता. सासूबाईंचं पोट बरं झालं होतं आणि त्यांच्या अपेक्षा परत आल्या होत्या. सिनेमात अशा वेळी मुलगी निघालेली असते आणि तो धावत सुटतो. भावजींनी सिस्टरची पिशवी टॅक्सीपर्यंत नेली, आत ठेवली, "बराय, येतो," म्हणाले आणि ट्रॉली घेऊन परत आले. टॅक्सी निघाली.

"अरे, पळ की मागं!" सासूबाई म्हणाल्या. अहो-जाहो विसरल्या होत्या त्या.

"मावशी, ट्रॉली जागेवर ठेवायचीय," भावजी म्हणाले.

त्या हिवाळ्यात आम्ही कऱ्हाडला होतो. टीव्हीवर युद्ध चालू होतं. माझी लॅब, आमचा फ्लॅट, पगार, सगळंच हवेत होतं. भावजींचं एक कार्ड आलं, त्यात प्रकृतीची चौकशी आणि हवामान. सिस्टरची काहीच खबर नव्हती. मग युद्ध संपलं, तिकडे तेलाच्या विहिरी जळत राहिल्या, आणि एका दुपारी दारात सिस्टर उभी. एसटीच्या धुळीनं माखलेली, हातात तीच पिशवी.

"मावशी, देवरुखला गाडी कुठनं मिळंल?" ती पाणीही न पिता म्हणाली.

"का गं?"

"ह्या माणसानं मला काही विचारलं नाही. इतके महिने मी वाट बघितली. घरी दोन स्थळं येऊन गेली, त्यांना पुढं ढकललं. आता मीच जाऊन विचारणार आहे. नाही म्हटले तर नाही. पण विचारणार."

सासूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. अशा सिनेमात त्यांनी हे कधी पाहिलं नव्हतं. मग त्या उठल्या आणि लुगडं बदलायला गेल्या. "एकटी नको जाऊस. मुलीकडचं कुणीतरी लागतं."

देवरुखला आम्ही तिघी पोचलो तेव्हा भावजी अंगणात फणस फोडत बसले होते. हाताला तेल, अंगात बनियन. सिस्टरला बघून ते उठले, आणि हात कुठे पुसावेत हे न कळून तसेच उभे राहिले. त्यांची आई ओटीवर आली. लहानखुरी, नऊवारीतली, नजर धारदार.

इकडचं तिकडचं बोलणं सिस्टरला जमणारं नव्हतं. ती अंगणातच म्हणाली, "मला तुमच्याशी लग्न करायचंय. तुमचं काय म्हणणं आहे?"

भावजींनी तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. सासूबाईंना ते बघवेना. त्या घाईघाईनं त्यांच्या आईकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तसं काय, तंबूत दोघं नवरा-बायको म्हणूनच राहिलीयत हो."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. सिस्टर किंचाळली, "मावशी!" भावजींच्या हातातली कोयती खाली पडली. सासूबाई हे भोळेपणानं बोलल्या की मुद्दाम, हे मला आजवर कळलेलं नाही. मी विचारलं की त्या मेतकुटाच्या डाळी भाजायला घ्यायच्या.

भावजींच्या आईंनी आम्हा तिघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग म्हणाल्या, "तंबूत किती माणसं होतात?"

"पाच," मी म्हटलं.

"मग राहीनात का." त्यांनी सिस्टरला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आता जात विचारतील, घराणं विचारतील, असं मला वाटलं. ते त्यांनी नंतर विचारलं, आणि उत्तर ऐकून दोन दिवस त्यांची झोप उडाली, हेही खरं. पण त्या वेळी त्या मुलाकडे वळल्या. "काय रे? ती एवढी लांबून आली. हो म्हणायला काय मुहूर्त हवाय?"

"हो," भावजी म्हणाले. मग बहुधा ते कमी वाटलं असावं, म्हणून म्हणाले, "मी पाडव्यापासूनच तयार होतो. बोलायचं राहिलं."

सिस्टरनं कपाळावर हात मारला. "बोलायचं राहिलं! ऐका!" आणि मग ओटीच्या पायरीवर बसून, एसटीचा सगळा शीण एकदम आल्यासारखी, ती रडायला लागली. भावजींची आई आत गेल्या आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. तांब्या त्यांनी मुलाच्या हातात दिला. त्याच्या तेलकट हातातून तो निसटला आणि सगळं पाणी सिस्टरच्या अंगावर. सासूबाई टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या.

मे महिन्यात रत्नागिरीला रजिस्टर लग्न झालं. लातूरहून दोन भाऊ आले, देवरुखहून थोडी माणसं आली आणि बरीचशी आली नाहीत. भावजींची आई मात्र पहिल्या खुर्चीत बसल्या होत्या. आत्येमंडळींतल्या एकीनं नाक मुरडल्यावर त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आमच्या घरात कुणी बोलत नव्हतं. आता एक बोलणारं माणूस आलं. मला त्यात सुख आहे."

वर्ष संपायच्या आत आम्ही कुवेतला परतलो. रिफायनरीला माणसं हवी होती, इस्पितळालाही. आमच्या फ्लॅटमधून गालिचा, फ्रीज, इतकंच काय दारांचे हँडलही गेले होते. भिंतीवर काजळीचा असा थर होता की बोट फिरवलं की नाव लिहिता यावं. सिस्टर आणि भावजी आमच्याच बिल्डिंगमध्ये खाली राहायला आले. आल्या आल्या दोघांनी काजळी आधी ओल्या फडक्यानं पुसायची की कोरड्या, यावर भांडण काढलं. म्हणजे सिस्टरनं काढलं. भावजी कोरडं फडकं घेऊन पुसत राहिले.

डिसेंबरात सासूबाईंचा फोन आला. कऱ्हाडच्या शेजाऱ्यांच्या घरून, नेहमीप्रमाणे ओरडून. पहिला प्रश्न आमच्या तब्येतीचा, दुसरा त्या दोघांचा.

"कशी आहेत दोघं?"

"भांडतात, आई."

"कशावरून?"

"आज भातावरून. मऊ हवा की मोकळा."

"जेवतात ना पण एकत्र?"

"जेवतात."

"मग असू दे."  मग त्यांचा आवाज खाली आला, मला ओळखीचा असलेल्या त्या स्वयंपाकघरातल्या सुरात. "अगं, ऐक. माझा भाचा आहे बघ, कोल्हापूरचा, बँकेतला. चौतीस पूर्ण झाली. तुमच्या इस्पितळात अजून कुणी आहे का गं?"